पावणेदोन सुताची रायफल

आमच्याकडे लेथवर काम करणारा माणूस इंच मोजत नाही, सूत मोजतो. एका इंचात आठ सूत. मिरजेजवळच्या कारखान्यात मी सोळा वर्षं तेच मोजत होतो. नववीत दोनदा नापास झालो, तेव्हा वडिलांनी पुस्तकं काढून घेतली आणि हातात मापं घ्यायचा व्हर्नियर दिला. तो हातात नीट बसला, एवढंच माझं शिक्षण.

अमेरिकेत मी माझ्या हुशारीवर आलेलो नाही, बायकोच्या आलो. सुनंदा मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात सिस्टर होती. टेक्सासमधल्या एका हॉस्पिटलला नर्सेस हव्या होत्या, तिनं परीक्षा दिल्या, पास झाली, आणि २००२ साली आम्ही अर्विंगला आलो. तिथं आपल्या मंडळात गेलो की पहिला प्रश्न, "काका, तुम्ही कुठल्या कंपनीत?" पुण्याची, नागपूरची पोरं, सगळी कॉम्प्युटरवाली. मी सांगायचो, "मशीन शॉपमध्ये." बंदुकीच्या दुकानात म्हटलं की लोक ताट घेऊन जरा लांब सरकायचे. फक्त एकजण मागं लागला होता, "यार काका, एकदा रायफल हातात घेऊन फोटो काढू द्या ना, ऑर्कुटवर टाकतो." त्याला मी अजून टाळतोय.

नोकरी मिळाली ती एका शब्दावर. अर्विंगपासून पाऊण तासावर मिस्टर डेल यांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. तिकडं वडीलधाऱ्याला पहिल्या नावाआधी मिस्टर किंवा मिस लावून हाक मारतात. मला ते फार बरं वाटलं, आपल्या 'अण्णा', 'अक्का'सारखं. मिस्टर डेल सत्तरीचे, पोट सुटलेलं, एका कानाला ऐकू कमी. त्यांनी मला एका लेथसमोर उभं केलं, जॉबकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "टेक टू थाऊ ऑफ." आता थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि मिरजेतही आम्ही थाऊच म्हणतो. आख्ख्या वाक्यात मला तेवढंच कळलं. दोन थाऊ काढले. त्यांनी मायक्रोमीटर लावला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मायक्रोमीटरकडे बघितलं, आणि विचारलं, "सोमवारी येशील?" मारुती हे नाव त्यांना झेपेना, म्हणून मी मार्टी झालो.

पण भीती गेली नाही. इंग्रजी अर्धं कळायचं. अर्धं कळलं नाही असं सांगितलं तर हा माणूस आपल्याला काढेल, असं रोज वाटायचं. म्हणून मी हसायचो आणि "यस, यस" म्हणायचो. ही सवय लक्षात ठेवा.

आता धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. गोळी त्यातून गरगरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. नळीच्या तोंडाशी केसाएवढी कूस, म्हणजे कापताना उरलेला धातूचा बारीक काटा, राहिली तरी ती गोळीला बाजूला ढकलते. ती कूस काढणं हे माझं काम. हरणाच्या शिकारीला तिकडं बहुतेक लोक अडीच सुताच्या आसपासची नळी वापरतात. तिचा आवाज दणदणीत आणि खांद्याला धक्काही तसाच. त्याहून लहान, पावणेदोन सुताची नळी असते ती कोल्ह्या-सशासाठी. कायद्यानं तिनं हरीण मारायला टेक्सासात बंदी नाही. पण मिस्टर डेलना ते पटायचं नाही. काउंटरवर कुणी फुशारकी मारली की, "एवढ्याशा रायफलीनं एवढा मोठा डुक्कर पाडला, कानामागं एकच गोळी," तर ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "आणि जे पळून गेले, त्यांना कुठं लागली होती?" गिऱ्हाईक बहुधा विषय बदलायचं.

लहान गोळी मोठ्या जनावराला मारू शकत नाही असं नाही. मारते. पण चूक माफ करत नाही. पुढच्या पायाच्या मागं, फुफ्फुसावर, मुठीएवढ्या जागेत ती गेली पाहिजे, आणि गोळीही त्या कामाचीच पाहिजे. कोल्ह्याच्या गोळीचं तांब्याचं कवच पातळ असतं, लागली की जागच्या जागी फुटून चुरा होतो. हरणाच्या गोळीचं कवच जाड, ती फुलते पण एकसंध राहून आत खोल जाते. वजन दोन्हींचं सारखं असू शकतं.

मिस लोरेटा आमच्याकडे आल्या त्या २००४च्या उन्हाळ्यात. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं तिसरीच्या वर्गाच्या बाई. नवरा वारलेला, तीन तासांवर पश्चिमेला थोडी जमीन, तिथं एक खोली. दर नोव्हेंबरात एक हरीण मारायचं, तेच वर्षभर खायचं. त्यांनी नवऱ्याची जुनी रायफल काउंटरवर ठेवली आणि उजवा खांदा दाखवला. सांधा बदललेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिचा धक्का आता चालणार नाही.

"डेल, मला लहान नळीची करून दे."

"लोरेटा, हरणाला मी लहान नळी देत नाही. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे, तू किती हट्टी आहेस ते. मीही आहे. पंचेचाळीस वर्षं मी एका गोळीत हरीण पाडलं आहे. ज्या वर्षी पडणार नाही, त्या वर्षी बंद. पण ते खांद्यामुळे बंद व्हायला नको."

मिस्टर डेल माझ्याकडे वळले. "मार्टी, तुझ्या हातून नळी होईल? अगदी चांगली?"

"यस," मी म्हणालो. या वेळी खरोखर कळून म्हणालो.

ती नळी करायला मला तीन आठवडे लागले. इतकं जपून मी कुठलंच काम केलं नसेल. काडतूस बसतं ते घर थाऊ-थाऊनं कापलं, तोंड तीनदा घासलं. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता त्यांच्या मापानं आखूड केला. दुकानामागच्या मैदानात शंभर यार्डांवर कागद लावून त्यांनी पाच गोळ्या मारल्या, पाचही एका बशीखाली झाकल्या गेल्या असत्या. मिस लोरेटांनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. मिस्टर डेल मला म्हणाले, "सोबत योग्य गोळ्यांचा डबा दे. दुसऱ्या कुठल्या वापरू नका म्हणावं." मी डबा दिला, पण ते वाक्य दिलं नाही. माझ्या इंग्रजीत ते कसं जमवावं हे ठरवेपर्यंत त्या गाडीत बसल्या होत्या.

त्या वर्षी त्यांना एका गोळीत हरीण मिळालं. मांसाचा एक डबा आमच्यासाठी घेऊन आल्या. सुनंदानं कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला, मी तो दुकानात नेला, आणि मिस्टर डेल घाम पुसत दोनदा वाढून घेत बसले.

पुढच्या वर्षी, हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मिस लोरेटांचा फोन आला. मिस्टर डेल बाहेर गेले होते. लेथवर कट चालू होता, म्हणून मी फोन खांद्याशी धरला आणि नजर टूलवर ठेवली.

"मार्टी, तुझा डबा सरावात संपला. भाचा त्याच्याकडच्या देऊन गेलाय. वजन पंचावन्न ग्रेनच आहे, पहिल्यासारखंच."

"यस, मिस लोरेटा."

"टोकाला लाल प्लास्टिक आहे. चालतील ना?"

"यस, यस."

"बरं. मग उद्या सकाळी निघते मचाणावर. आज रात्री तिकडच्या खोलीतच झोपणार आहे."

"यस, यस, गुड."

फोन ठेवला आणि कट पुरा केला. मनात काही आलंच नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी मिरजेहून आलेलं पत्र वाचत होतो. सुनंदा स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, "हो, हो."

ती बाहेर आली. "काय हो हो? काय विचारलं मी?"

"काय?"

"विचारलं, तुमच्या चहात मीठ घालू का. म्हणे हो हो."

मी हसलो. "अगं, हो म्हणजे ऐकतोय."

"ते मला कळतं ओ. बाहेरच्यांना कसं कळायचं?"

आणि तेव्हा माझ्या हातातलं पत्र खाली आलं. लाल प्लास्टिकचं टोक. ती कोल्ह्याची गोळी. बाईंनी विचारलं होतं चालतील का, आणि मी ऐकतोय असं सांगितलं होतं.

इथून पुढं मी जे केलं त्याचा मला आजही पश्चात्ताप आहे. मिस्टर डेलना तेव्हाच फोन करायला हवा होता. ते ओळखीच्या कुणाला तरी तिकडं पाठवू शकले असते. मी केला नाही. मला वाटलं, बाईंनी फोन उचलला तर परस्पर मिटेल, डेलना कळणारही नाही. त्यांच्या घरचा फोन वाजत राहिला. तिकडच्या खोलीत फोनच नव्हता. मी लावत राहिलो. शेवटी सुनंदा म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ दे, मी कमावते आहे. उठा आता. बाईंच्या त्या जमिनीचा पत्ता आहे ना दुकानातल्या तुमच्या जॉब कार्डावर? मी पण येते." पण तोवर मध्यरात्र उलटून गेली होती. दुकान उघडून योग्य काडतुसं खिशात टाकली आणि आम्ही पहाटे चारला निघालो.

उजाडल्यानंतर बाईंच्या जमिनीच्या फाटकाशी पोचलो. त्यांचा पिकअप आत उभा होता. मी साखळी काढायला खाली उतरलो आणि आवाज आला. मोठ्या नळीचा आवाज गडगडत जातो. हा कोरडा, चटकन आलेला. माझ्या हातची नळी मला ऐकू आली.

हॉर्न वाजवत, हाका मारत आम्ही आत गेलो. मचाण म्हणजे चार खांबांवरचं लाकडी खोपटं. मिस लोरेटा शिडीवरून एकेक पायरी उतरत होत्या, चेहरा पांढरा.

"मार्टी? तू इथं काय करतोस?"

"मिस लोरेटा, लाल टोक. ते हरणाला नाही. मी चुकलो."

"तू हो म्हणालास."

"म्हणालो."

त्या झुडपांकडे वळल्या. "चांगली लागली होती. नेम धरला त्याच्या जरा पुढं, खांद्यावर. जागेवर कोसळायला हवं होतं. उठून पळालं."

बाईंचा नियम मी वर सांगितला आहे. पण त्या क्षणी त्यांना नियमाचं पडलं नव्हतं. त्या झाडीत एक जनावर जखमी होतं आणि ते त्यांनी केलं होतं, माझ्या एका शब्दावर विसंबून. "ते सापडेपर्यंत मी घरी जात नाही," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या.

मी आयुष्यात कधी माग काढला नव्हता. निवडुंग, सीडरची बुटकी झाडं, चुनखडीचे दगड. मला सगळं सारखंच दिसायचं. सुनंदा मात्र वाकून एका पानापाशी थांबली. तिनं रक्ताला बोट लावलं, बोटात चोळलं, वास घेतला.

"फेस नाही," ती मला मराठीत म्हणाली. "फुफ्फुसाला लागलं असतं तर फेस असता. काळंही नाही, म्हणजे लिव्हरचं नाही. वरच्या मांसाचं आहे." मग तिनंच बाईंना इंग्रजीत विचारलं, "हळू जायचं का?"

मिस लोरेटा सुनंदाकडे बघू लागल्या, मग मला म्हणाल्या, "ही काय करते?"

"नर्स आहे."

"तिला पुढं राहू दे."

अशी आमची वरात निघाली. पुढं सुनंदा, साडीवर स्वेटर, पायात हॉस्पिटलचे पांढरे बूट, मग बाई, मागं मी. मधेच रक्त दिसेनासं व्हायचं. मग बाई उभ्या राहून सांगायच्या, जखमी हरीण चढण घेत नाही, पाण्याकडे उतरतं. आणि उताराला पुन्हा एखादा थेंब सापडायचा. बाईंच्या हातातली रायफल मी मागितली, त्यांनी दिली नाही. दोनदा सुनंदानं त्यांना बसवलं आणि खांदा दाबून दिला. दोघी एकमेकींशी तुटकतुटक बोलत होत्या. माझ्याशी कुणीच बोलत नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

दोनेक तासांनी एका कोरड्या ओढ्यात ते दिसलं. पाय मुडपून बसलेलं, मान ताठ. आमच्याकडे बघत होतं. त्याला उठता येत नव्हतं. खांद्यावर तळहाताएवढी जखम, सगळी वरवरची, आत काही गेलेलंच नाही. जशी ती गोळी करते तशी.

मी खिशातलं काडतूस बाईंच्या हातात दिलं. त्या गुडघ्यावर बसल्या. पण थकून उजवा हात वर येईना. सुनंदा न सांगता त्यांच्या मागं बसली आणि पेशंटला धरतात तसं कोपराखाली हात देऊन उचलून धरलं. आवाज झाला. मान खाली गेली.

मिस लोरेटा जवळ गेल्या. हरणाच्या कानामागं हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. मी ऐकायला गेलो नाही.

खोलीवर परतल्यावर त्यांनी कॉफी केली. मी एकेक शब्द जुळवून सगळं सांगितलं: मिठाचा चहा, आमचं हो हो, मिस्टर डेलना न केलेला फोन. त्या चाळीस वर्षं तिसरीच्या पोरांचं ऐकत आलेल्या. मला मधे तोडलं नाही.

"मग तुमच्याकडे मोठ्या माणसाला नाही कसं म्हणतात?"

मी विचार केला. खरं म्हणजे म्हणत नाहीतच. बघू म्हणतात. जमवतो म्हणतात. सुनंदाला विचारलं, तिनंही मान हलवली.

"माझ्या वर्गात," त्या म्हणाल्या, "सगळ्याला हो म्हणणाऱ्या पोराची मला सगळ्यात जास्त काळजी वाटायची. मला ते पोर काय शिकलं, काय नाही, कधीच कळायचं नाही." त्यांनी माझ्यापुढं बिस्किटं सरकवली. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

सोमवारी मी मिस्टर डेलना सांगितलं. चाव्या आधीच काउंटरवर काढून ठेवल्या होत्या. त्यांनी ऐकलं, चांगला कान माझ्याकडे करून. मग चाव्या परत माझ्या बाजूला सरकवल्या. "पस्तीस वर्षांपूर्वी मी एकाला चुकीचं काडतूस दिलं होतं," ते म्हणाले. "त्याचा डोळा गेला. तुझं हरीण तरी सापडलं." एवढंच. दुपारी त्यांनी फोनशेजारी एक कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात: 'कळलं नाही, पुन्हा सांगा.' तो इंग्रजीत होता, आणि मला तो बऱ्याच वेळा वाचून दाखवावा लागला. गिऱ्हाईकं हसायची. पण पुन्हा सांगायची.

मला वाटलं होतं, मिस लोरेटा आता यायच्या नाहीत. एका गोळीचा नियम मोडला होता. पण पुढच्या ऑक्टोबरात त्या आल्या, रायफल घेऊन.

"मागचं वर्ष मी मोजत नाही," त्या म्हणाल्या. "ती गोळीची चूक होती. या वर्षी बघू."

आम्ही मागच्या मैदानात गेलो. मी कागद लावला. बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. मिस्टर डेलही आले. त्यांनी पाच गोळ्या मारल्या. मी कागद घेऊन आलो आणि तिघांनी तो बघितला. दोन गोळ्या जागेवर. एक वर, एक खूप खाली, पाचवी कागदावरच नव्हती.

मी नळीचं तोंड तपासलं, रायफलीवरची दुर्बीण तपासली. मग स्वतः पाच मारल्या. पाचही एका बशीत. रायफल होती तशीच होती.

मिस्टर डेल म्हणाले, "आत फोन वाजतोय वाटतं," आणि गेले. त्यांना त्या कानानं फोन तिथून कधीच ऐकू आला नसता. त्यांची आणि बाईंची तीस वर्षांची ओळख. आता थांब, हे त्यांना सांगवलं नसतं, आणि मला ते समजत होतं.

मिस लोरेटांनी कागद मांडीवर घेतला. "मार्टी," त्या म्हणाल्या, "मोठ्या नळीची असती तर एवढ्या नेमानं चाललं असतं, कदाचित. ही आहे लहान. तू ही बनवलीस. मी हिनं हरणावर गोळी झाडावी का?"

बघू, असं तोंडात आलं होतं. थोडा सराव करा, असंही आलं होतं.

"नाही, मिस लोरेटा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.  मी शेजारी उभा राहिलो. 

मग त्यांनी तळहात माझ्यापुढं केला.

"काडतुसं आहेत अजून?"

"आहेत."

"मग दे. कागदावर मारायला कुणाची बंदी नाही."

मी नवा कागद लावून आलो आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. एकेक काडतूस त्यांच्या हातावर ठेवत गेलो. खांदा दुखला की त्या थांबायच्या, मीही थांबायचो. त्या दुपारी त्यांनी आख्खा डबा संपवला. कुठली गोळी कुठं लागली, ते बघायला आम्ही दोघंही गेलो नाही.